डीकनचा पूल

वेन्डेल क्रूगरच्या जुन्या पिकअपमधला हीटर मनात येईल तेव्हा चालायचा, पण स्कॅनर कायम चालू. डॅशबोर्डवर चिकटपट्टीने बसवलेलं ते काळं डबडं रेल्वेवाल्यांचं बोलणं पकडायचं. कंट्रोलवाला कुठली गाडी बाजूच्या रुळावर घेतोय, ड्रायव्हर त्याला काय ऐकवतोय, गाडी पुढे गेली की रुळांशेजारचं यंत्र आपल्या कोरड्या बायकी आवाजात 'बिघाड नाही, बिघाड नाही' कसं म्हणतंय, सगळं ऐकू यायचं. नुसतं ऐकायचं, उलट बोलायची सोय नाही. वेन्डेलची बायको आर्डिस म्हणायची, "असलं एक डबडं आपल्या स्वयंपाकघरात बसव. मी बोलेन आणि तू निमूट ऐकशील."

टोमॅटोच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाल्यापासून वेन्डेलचा दिवस रुळांपाशीच जायचा. अमुक गाडी तमुक गावाहून सुटली एवढं स्कॅनरवर कानावर पडलं, की हा पिकअप पिटाळत पुढच्या वळणावर हजर. ऊन कुठल्या अंगाला आहे ते बघून कॅमेरा लावून उभा. मिल्स फोर्क गावात असे रेल्वेवेडे बरेच होते. शहाण्यांनी त्यांना हसावं आणि त्यांनी शहाण्यांची कीव करावी, असा गावचा रिवाज.

या सगळ्यांच्या गळ्यातला ताईत होता हार्लन टिबेट्स, मालगाडीचा ड्रायव्हर. रेल्वेचा नियम असा, की पुढचा सिग्नल स्वतःच्या डोळ्यांनी दिसला की ड्रायव्हरने त्याचा रंग रेडिओवर पुकारायचा. बाकीचे ड्रायव्हर तोंडात तंबाखूची गुळणी धरल्यासारखे काहीतरी पुटपुटून मोकळे व्हायचे. हार्लन मात्र चर्चमध्ये उतारा वाचावा तसा म्हणायचा, "पूर्वेकडे जाणारी मालगाडी. नॉरिसचा सिग्नल..." आणि एक दम घेऊन, "हिरवा." त्या एका दमासाठी शेजारच्या राज्यांतून माणसं गाड्या काढून यायची. त्यावरून त्याचं नाव पडलं डीकन, म्हणजे चर्चमधला पाद्र्याचा मदतनीस.

वेन्डेलची आणि त्याची दोस्ती जुनी. वेन्डेलचा पिकअप फाटकापाशी दिसला की हार्लन नेहमीच्या शिट्टीला एक बारीकशी शेपटी जोडायचा. सुट्टीच्या सकाळी दोघं डॉटीच्या हॉटेलात अंडी आणि ग्रेव्हीतली बिस्किटं खात बसायचे. एकदा वेन्डेलने विचारलं होतं, "तो मधला दम तू आमच्यासाठी घेतोस की देवासाठी?"

"कुणासाठी नाही," हार्लन म्हणाला. "मी बघत असतो. नीट दिसल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं बापाने शिकवलंय. तोही ड्रायव्हरच होता."

वेन्डेलला हे फार आवडलं. त्याचं स्वतःचंही तसंच होतं, निदान त्याची तशी समजूत होती. गावच्या रेल्वेवेड्यांच्या मंडळाचा नियम त्यानेच लिहिला होता: जे दिसलं तेच दाखवायचं, जे ऐकलं तेच ऐकवायचं. डेल प्रुइट नावाच्या एकाने आपल्या फोटोत दुसऱ्या दिवसाचं लालभडक आकाश चिकटवलं, तेव्हा त्याला भर बैठकीत उभं करून वेन्डेलने असं झाडलं, की तो बिचारा आपली ॲपल-पायची थाळीसुद्धा तिथेच सोडून गेला. तेव्हापासून वेन्डेल म्हणजे मंडळाचा धर्मराज. त्याने फोटो दाखवला की कुणी शंका काढत नसे.

धर्मराजाचाही रथ एक दिवस जमिनीला टेकतो. इथे तो टेकला मंडळाच्या हिवाळी कार्यक्रमात.

मेथडिस्ट चर्चच्या तळघरात दरवर्षी हा कार्यक्रम व्हायचा. पडद्यावर वर्षभरातले फोटो, सोबत स्कॅनरवरून टिपलेले आवाज. वेन्डेलकडे त्या वर्षी एक फोटो असा आला होता, की तसा आयुष्यात एखादाच येतो. डक क्रीकवरचा लोखंडी पूल, खाली गोठलेलं पाणी, पुलाच्या ऐन मध्यावर हार्लनचं इंजिन, आणि ढगांतून निसटलेलं ऊन नेमकं इंजिनाच्या तोंडावर. त्या गारठ्यात बाहेर पडायचा वेडेपणा दुसऱ्या कुणी केला नव्हता, म्हणजे फोटो त्याच्या एकट्याचा. हार्लनचा पुकाराही त्या दिवशी स्कॅनरवर स्वच्छ आला होता. पण तो आला पुलावरून नव्हे. पूल ओलांडून, धान्याच्या कोठारांना वळसा घालून गाडी पलीकडे गेली, तिथून नॉरिसचा सिग्नल दिसतो, तिथून आला. आणि तिथला फोटो होता अगदी भिकार, कोठारांच्या सावलीत काळवंडलेला.

वेन्डेलने आवाज उचलला आणि पुलाच्या फोटोवर नेऊन ठेवला. एवढंच केलं. स्वतःशी म्हणाला, आकाश थोडंच चिकटवलंय, आवाज त्याच माणसाचा, त्याच गाडीचा, त्याच दिवसाचा. माणूस स्वतःला जितक्या चटकन माफ करतो तितक्या चटकन दुसऱ्या कुणाला करत नाही.

तळघरात अंधार झाला. पडद्यावर पूल आला, उन्हात न्हालेलं इंजिन आलं, आणि हार्लनचा आवाज घुमला, "नॉरिसचा सिग्नल... हिरवा." कुणीतरी नाक ओढलं. दिवे लागले तेव्हा सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. वेन्डेल डोळे पुसत होता. रेकॉर्डरच्या जुन्या कार्डावरच्या सगळ्या मूळ ध्वनिफिती त्याने त्याच आठवड्यात नेहमीसारख्या पुसून टाकल्या. कार्ड फुकट घालवायचं नाही, ही त्याची कारखान्यातली सवय.

मंडळात नॉर्बर्ट फिंच नावाचा एक विमा एजंट होता. त्याला गप्प बसवत नसे. त्याने फोटो आणि आवाज जोडलेली ती फिल्म इंटरनेटवर चढवली आणि वर लिहिलं, 'आमचा डीकन बघा! डक क्रीकच्या पुलावरून नॉरिसचा सिग्नल दिसत नाही, मध्ये कोठारं आहेत, वळण आहे, हे लहान पोरही सांगेल. पण याला बघायची गरजच काय? सिग्नल दिसायच्या आधीच हा माणूस रंग सांगतो! याला म्हणतात ड्रायव्हर!' खाली त्याने नकाशा जोडला होता. पूल, वळण, कोठारं, सिग्नल, सगळं बाणांनी दाखवलेलं. वेडाबरोबर विद्वत्ता आली की असा घात होतो.

त्या फिल्मखाली कौतुकाची रांग लागली. टेक्सासहून, ओरेगनहून लोक लिहीत होते. आर्डिसने ते वाचलं आणि चष्मा काढला.

"वेन्डेल, हा पुलावरून बोलला होता?"

"नाही. वळणानंतर."

"मग नॉर्बर्टला फोन कर."

"करतो. उद्या."

"उद्या का? फोन तुझ्या हाताशी पडलाय."

"अगं, लोकांना आवडलंय ना! कुणाचं काय बिघडतंय?"

उद्याचं परवा झालं. फोन करायचा म्हणजे सांगावं लागणार, की मी आवाज फिरवला. म्हणजे डेल प्रुइट आणि मी एकाच माळेचे मणी. नॉर्बर्टला सांगणं म्हणजे गावात दवंडी. वेन्डेल रोज फोनकडे बघायचा आणि कॅमेरा उचलून बाहेर पडायचा.

कंपनीच्या साहेबांनाही इंटरनेट असतं. हार्लन त्यांच्या डोळ्यांत आधीपासून खुपत होता. गाडीवर दोघांऐवजी एकच माणूस ठेवायचा कंपनीचा बेत होता आणि युनियनच्या वतीने त्याला आडवा गेलेला माणूस म्हणजे हार्लनच. त्यांना निमित्त हवं होतं आणि ते बाणांसकट, नकाशासकट हातात आलं. सिग्नल न बघता रंग पुकारणं म्हणजे झोपेत गाडी चालवण्याइतकाच गुन्हा. हार्लनला कामावरून थांबवलं आणि चौकशीची तारीख दिली.

तो थेट वेन्डेलच्या दारात आला. आत बोलावलं तरी आला नाही, पायरीवरच उभा राहिला.

"मी पुलावरून बोललो नव्हतो," तो म्हणाला.

"माहितेय मला."

"तुला माहीत असणारच. तूच एकटा होतास तिथे. इंजिनात माझ्यासोबत असतो तो कंडक्टर नवीन पोरगा आहे. म्हणतो, मी खाली मान घालून लिहीत होतो, मला आठवत नाही. त्याला नोकरी टिकवायचीय, त्याचं बरोबर आहे. आता तू आहेस फक्त."

वेन्डेलने एका दमात सगळं सांगून टाकलं. फोटो, काळवंडलेला कोपरा, उचललेला आवाज, न केलेला फोन. हार्लन ऐकत होता. शिवी देईल, हात उगारेल, असं वेन्डेलला वाटत होतं, आणि त्याने तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

"फोटोत बरं दिसावं म्हणून?" हार्लनने एवढंच विचारलं.

"हो."

"चौकशीत सांगशील हे?"

"शब्द देतो. बायबलवर हात ठेवून सांगेन."

"बायबल नको. जे झालं ते सांग म्हणजे झालं."

आणि वेन्डेलने सांगितलं. लग्नातला कोट घालून गेला. लांब टेबलापलीकडे कंपनीचा चौकशी अधिकारी ब्लँचर्ड बसला होता, गुळगुळीत दाढी केलेला, गोड बोलणारा माणूस. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही फिल्ममध्ये फेरफार केला, मिस्टर क्रूगर?"

"हो. आवाज माझ्या हातांनी फिरवला."

"मूळ ध्वनिफीत असेलच तुमच्याकडे."

"पुसली. मी नेहमीच पुसतो."

"अरेरे." ब्लँचर्डला खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं. मग त्याने मंडळाच्या वार्तापत्राचा एक जुना अंक पुढे सरकवला. "हा नियम तुम्हीच लिहिलात ना? जे ऐकलं तेच ऐकवायचं? आणि याच नियमाखाली तुम्ही एका सभासदाला भर बैठकीतून घालवलंत. मी तुमच्याबद्दल चौकशी केली. सगळे एकच सांगतात, वेन्डेल क्रूगर आपल्या फोटोतलं गवताचं पातंही इकडचं तिकडे करणार नाही. मग मी काय समजू? हा माणूस जन्मभर प्रामाणिक राहिला आणि नेमका एकदाच लबाड झाला? की हा आपल्या मित्रासाठी आज एकदाच खोटं बोलतोय?"

"मी खरं सांगतोय!"

"असा मित्र सगळ्यांना मिळो," ब्लँचर्ड म्हणाला आणि त्याने कागद मिटले.

हार्लन टेबलाच्या कडेला बसून आपल्या हातांकडे बघत होता. त्याच महिन्यात त्याला कामावरून काढल्याचं पत्र गेलं. इंजिन चालवायचा परवानाही गेला. युनियनने वर दाद मागितली, पण पुराव्यात दाखवायला होतं काय? कंपनीकडची ध्वनिफीतही तोवर मुदत संपून पुसली गेली होती. बैल गेल्यावर झोपा करणाऱ्यांत वेन्डेल सर्वांत पुढे. त्याने कंपनीला पत्रावर पत्र लिहिलं आणि प्रत्येक पत्राने ब्लँचर्डचं मत आणखी पक्कं झालं.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत तो उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मी आवाज फिरवला. डीकन पुलावरून बोललाच नव्हता. मी लबाडी केली, मला मंडळातून काढा."  मग मागून कुणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळे उभे. नॉर्बर्टने येऊन त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"आम्हाला कळलं सगळं, वेन्डेल. साहेबांपुढे स्वतःचं नाव मातीत घातलंस. दोस्त असावा तर असा."

"अरे मूर्खा, मी खरंच फिरवला!"

"हो हो, फिरवलास." नॉर्बर्टने डोळा मारला. "भिंतीलाही कान असतात, आम्ही पण हेच म्हणू."

त्याच्यावर विश्वास ठेवला फक्त एका माणसाने. डेल प्रुइटचा रात्री फोन आला. "मला शंभर टक्के खात्री आहे तू फिरवलास," तो म्हणाला आणि कितीतरी वेळ हसत राहिला. वेन्डेलने फोन ठेवला नाही. ते हसणं त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

हार्लन आता शेतावरच्या घरांना गॅस पोचवणारी टाकीची गाडी चालवत होता. वेन्डेल त्याला गाठायला गेला तेव्हा तो एका कोठाराशेजारी नळी गुंडाळत होता. चेहरा उतरलेला, पण आवाज तोच, स्वच्छ.

"लोक मला वाटेत थांबवतात," हार्लन म्हणाला. "पंपावर, दुकानात. हात हातात घेतात. 'डीकन, तुम्ही न बघता सिग्नल सांगायचात, कमाल होती!' असं म्हणतात. माझी बाजू घेऊन म्हणतात रे! नोकरी गेली, जाऊ दे. नोकऱ्या जातात. पण माझी अख्खी हयात मी बघून बोललो. बघितल्याशिवाय एकदाही नाही. आणि आता जे माझ्यावर प्रेम करतात तेच म्हणतात की मी आंधळा बोलायचो. आणि त्यासाठीच प्रेम करतात."

 वेन्डेलला रडू आलं आणि त्याची लाजही वाटली, कारण रडायचा हक्क समोरच्याचा होता.

"नॉर्बर्ट पुलापाशी पाटी लावतोय," तो शेवटी म्हणाला. "तुझ्या नावाची. तुला बोलावणं येईल. तू ये, हार्लन. माझं कुणी ऐकत नाही. तुझ्या तोंडून ऐकतील."

"येऊन काय करू?"

"खरं काय ते सांग. तेवढंच. तुझा शब्द ते खाली पडू देणार नाहीत."

हार्लनने नळी आकड्याला अडकवली. "बघू," म्हणाला आणि गाडीत चढला.

रेल्वेवेड्यांना जागांची बारशी करायची भारी हौस. कुठे गाडी चांगली दिसते, कुठे कोण ड्रायव्हर शिट्टी मारायचा, तिथे तिथे नाव. डक क्रीकजवळच्या रस्त्याकडेला त्यांनी ओक लाकडाची पाटी उभी केली, तिच्यावर पिवळ्या अक्षरांत 'डीकनचा पूल'. वसंत लागला होता. मोटारींची रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती. शेगडीवर सॉसेज भाजत होती, घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, आणि प्रत्येकाच्या कमरेला किंवा मांडीवर एकेक स्कॅनर कुरकुरत होता. कुठल्याशा नव्या ड्रायव्हरने सिग्नल पुकारला, तो कुणालाच कळला नाही. "ऐक, याला म्हणतात आजकालचे ड्रायव्हर," एकजण म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

हार्लन आला. गॅसच्या गाडीतून, कामाच्याच कपड्यांत. लोकांनी त्याला अक्षरशः वाट करून दिली. आर्डिसने वेन्डेलचा हात घट्ट धरला होता. वेन्डेलला त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं, की अजून काही हाती लागेल. नोकरी परत येणार नाही, पण निदान एवढं तरी.

नॉर्बर्टने भाषण ठोकलं. दिसायच्या आधी ओळखणं म्हणजे काय, कंपनीला त्यातलं कसं कळत नाही, खरी विद्या कशी डोळ्यांत नसून रक्तात असते, वगैरे. मग माइक हार्लनपुढे धरला.

"डीकन, आमच्यासाठी एकदा! फक्त एकदाच!"

"एकदा म्हणा!" लोक ओरडले. फोन आणि कॅमेरे वर झाले. फोटोसाठी सगळे आपोआप एका रेषेत उभे राहिले, कुणी कुणाच्या पुढे गेलं नाही. ती शिस्त ते कधी मोडत नाहीत.

हार्लनने माइक घेतला. पूर्वेकडे तोंड केलं. समोर कोठारांच्या उंच राखाडी भिंती होत्या, आणि त्यांच्यामागे वळून नाहीसे झालेले रूळ. तो बघत राहिला. त्याने तो एक दम घेतला, आणि गर्दीतल्या एका बाईच्या डोळ्यांत तेवढ्यानेच पाणी आलं.

"इथून सिग्नल दिसत नाही," हार्लन म्हणाला. "कधीच दिसत नव्हता. मी इथून कधी पुकारला नाही."

 मग नॉर्बर्ट खदखदून हसला आणि त्याने दोन्ही हात वर केले.

"ऐकलंत? अजूनही कंपनीला पत्ता लागू देत नाही! वा रे पठ्ठ्या!"

हशा उसळला, टाळ्यांचा पाऊस पडला. हार्लनने एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. कुणावर रागावला आहे असं दिसत नव्हतं. त्याने माइक वेन्डेलच्या हातात दिला आणि गर्दीतून वाट काढत आपल्या गाडीकडे गेला. जाताजाताही लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते.

वेन्डेलने माइक तोंडाशी नेला. तो ओरडला, जमेल तेवढ्या मोठ्याने.

"तो खरं बोलतोय!"

टाळ्या आणखी वाढल्या.